२१ जूनला योगा सुरू करणाऱ्यांनो, आधी पाऊस बघा : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

आपल्याकडं बहुतेक लोकं योगा सुरू करतात ते एकतर १ जानेवारीला नाहीतर २१ जूनला. २०१५ पासून योग दिन व्हायला लागला तेव्हापासून जूनवाले वाढलेत, ग्राउंडवर कार्यक्रम होतोय, फोटो निघतात, उत्साह येतोय, त्याच दिवशी रात्री ऑनलाइन मॅट, तांब्याची बाटली आणि कसली कसली चूर्णं ऑर्डर होतात आणि नागपंचमीपर्यंत मॅट कपाटाच्या मागं गेलेली असतीय. लोकं याला आळस म्हणतात, मला तसं वाटत नाही. २१ जून म्हणजे आपल्याकडं मिरग सरून आर्द्रा लागायचा टाइम, आभाळ भरलेलं, भूक मंदावलेली, सांधे धरलेले, आणि नेमक्या त्याच दिवशी आपण एकदम ४५ मिनिटांचा कॉमन प्रोटोकॉल (योग दिनाला सगळ्यांनी करायचा ठरवून दिलेला क्रम) आणि वर बारा सूर्यनमस्कार घालायला जातो. अंग ऐकणार कसं?

आयुर्वेदात हे स्पष्ट सांगून ठेवलंय. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात व्यायाम अर्ध्या ताकदीनं करा म्हटलंय, आणि तो अर्ध्या ताकदीचा सुद्धा थंडीत आणि वसंतात, बाकीच्या दिवसांत त्याहून कमी. उन्हाळा आणि पावसाळा हे अंगातली ताकद सगळ्यात कमी असायचे दिवस, हेमंत-शिशिर हे सगळ्यात जास्त. त्यामुळं जूनमध्ये सुरू करायला हरकत काहीच नाही, फक्त जूनमध्ये थोडं करायचं आणि दिवाळीनंतर वाढवायचं, एवढं गणित डोक्यात ठेवा. खाणं, औषध, कचरा सगळं या गणितावरच पुढं सांगतोय. आणि पहिल्या महिन्यात एक रुपयाची सुद्धा खरेदी करू नका, खरंच लागत नाही.

पायरी १ : आधी डॉक्टर, मग आसन

बीपी, हार्टचा त्रास, मणक्याची गादी सरकलेली, हर्निया, काचबिंदू, फिट्स येतात, नुकतं ऑपरेशन झालंय किंवा पोटात बाळ आहे, यातलं काहीही असलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. बीपी आणि काचबिंदूवाल्यांनी डोकं खाली जाणारी आसनं टाळायची, गादी सरकलेल्यांनी पुढं वाकायची आसनं टाळायची. आणि चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत. शुगरची गोळी सोडून कारल्याचा रस आणि मंडूकासन, असला सल्ला गल्लीत कुणीतरी देतोच, त्याला हात जोडा आणि पुढं चला.

पायरी २ : जागा आणि अंथरूण

बाजारातल्या स्वस्त मॅट बहुतेक पीव्हीसीच्या असतात, वर्ष-दीड वर्षात साली निघतात आणि मग भंगारवाला सुद्धा त्या घेत नाही. आपल्या घरात सतरंजी असतीय, घोंगडं असतंय, काहींच्या घरात नवलगुंदचा जमखाना सुद्धा असतोय (धारवाड जिल्ह्यातला, नुसत्या सुताचा, पिढीभर टिकतोय). खाली घोंगडं आणि वर सतरंजी घातली की पावसाळ्यातल्या फरशीचा गारवा पाठीला लागत नाही, हे आपल्याकडं महत्त्वाचं, कारण जुलै-ऑगस्टमध्ये फरशीला अक्षरशः पाझर फुटल्यासारखा होतोय. सतरंजी टाइल्सवर सरकतीय ही तक्रार खरी आहे, म्हणून उभ्यानं करायची आसनं अनवाणी थेट कोरड्या फरशीवर करायची आणि बसून, झोपून करायची तेवढी सतरंजीवर. सतरंजी रोज गुंडाळून कपाटात कोंबू नका, दोरीवर पसरून ठेवा, नाहीतर आठवड्यात बुरशीचा वास येतोय.

बाकी साहित्य म्हणजे एक भिंत, एक बिनहाताची खुर्ची, एक जुनी साडी आणि दोन जाड उशा. साडी कशाला, तर पायापर्यंत हात पोचत नसेल तर तळव्याला अडकवून धरायला. खुर्ची, पट्टा, ठोकळे असला आधार घेऊन आसन करायची पद्धत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी जगभर नेली, आणि त्यांना १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला बोलावून घेणारे डॉ. गोखले त्याच्या आधी बेळगावात सिव्हिल सर्जन होते. त्यामुळं खुर्चीवर बसून योगा केला तर तो कमी दर्जाचा, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

पायरी ३ : पहिली पंधरा मिनिटं

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, रिकाम्या पोटी. संध्याकाळी करणार असाल तर जेवणानंतर तीन-चार तास गेलेले पाहिजेत. खिडकी उघडी, पण वाऱ्याच्या तोंडावर बसायचं नाही.

पावसाळ्यातला क्रम असा ठेवा. दोन मिनिटं उभं राहून मान, खांदे, मनगटं, घोटे हळूहळू हलवायचे. मग ताडासन, हात वर, टाचा उचलायच्या, तोल जात असेल तर भिंतीला धरून. मग कटिचक्रासन, कंबर डावीकडं उजवीकडं. खाली बसून मार्जारासन, म्हणजे हातापायांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली, श्वासाबरोबर. पालथं झोपून भुजंगासन, म्हणजे छाती वर उचलायची, त्यात नाभी जमिनीलाच ठेवायची, हाताच्या जोरावर उठायचं नाही. उताणं झोपून एकेका पायाचं पवनमुक्तासन, म्हणजे गुडघा पोटाशी धरायचा, मग सेतुबंधासन, म्हणजे गुडघे वाकवून कंबर वर उचलायची. शेवटी पाच मिनिटं शवासन, म्हणजे उताणं नुसतं सैल पडून राहायचं, आणि हे शवासन सोडायचं नाही बघा, सगळ्यात जास्त लोकं हेच सोडतात आणि ऑफिसला पळतात. शवासनात अंग गार पडतंय, वर एक चादर घ्या.

थांबायचं कधी? सुश्रुतानं खूण दिलीय ती फार सोपी आहे, श्वास नाकाऐवजी तोंडातनं यायला लागला की अर्धी ताकद संपली. कपाळाला, काखेत घाम आला, तोंड कोरडं पडलं, की बास. मोबाइलवरच्या सरांनी अजून पाच म्हणून सांगितलं तरी बास.

सूर्यनमस्कार जून-जुलैमध्ये तीनच्या वर नकोत, आणि गुडघे-कंबर दुखत असेल तर एकही नको. बारावर जायला थंडी येऊ द्या.

आता एक गोष्ट मला नीट सांगायचीय कारण ती व्हिडिओत कुठं सापडत नाही. आपल्या भागातल्या लोकांची कामं बघा. खानापूरकडं नट्टीच्या (भात लावणीच्या) दिवसांत बायका सकाळपासनं सांजपर्यंत चिखलात वाकून रोप लावतात, निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका मान खाली घालून तासन् तास बसतात, वडगाव-शहापूरचा विणकर मागावर वाकलेला असतोय, उद्यमबागमधला कामगार मशीनसमोर आठ तास उभा. यांना सगळ्यांना एकच क्रम कसा चालेल? दिवसभर वाकलेल्या माणसानं संध्याकाळी परत पश्चिमोत्तानासन करून पुढं वाकायची गरज नाही, त्याला मागं जाणारं पाहिजे. नट्टीहून आल्यावर गरम पाण्यानं पाय धुवायचे, उताणं झोपून पाय भिंतीला उभे लावायचे पाच-सात मिनिटं (बीपी कंट्रोलमध्ये नसलेल्यांनी पाय नुसते उशीवर ठेवायचे), मग हलकं भुजंगासन, झालं, त्या दिवसाचा योगा एवढाच. विड्या वळणाऱ्यांनी आणि कॉम्प्युटरवाल्यांनी तासाला एकदा उठून दोन्ही हातांची बोटं मागं गुंफायची, छाती उघडायची, पाच श्वास घ्यायचे. उभं राहून काम करणाऱ्यांनी रात्री पोटऱ्यांना तेल लावून पाय उशीवर घेऊन पडायचं. कामात झालेला व्यायाम हा व्यायामच आहे, त्यावर अजून ओझं टाकायचं नसतंय.

पायरी ४ : श्वास, आणि बंबातला धूर

पहिला महिना नुसता दीर्घ श्वास आणि अनुलोम-विलोम (एका नाकपुडीनं आत, दुसरीनं बाहेर), तेही श्वास न कोंडता. चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर, पाच मिनिटं. भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज) चालेल. कपालभाती आणि भस्त्रिका, म्हणजे जोरजोरात श्वासाचे झटके द्यायचे प्रकार, शिक्षकांसमोर शिकल्याशिवाय नको, आणि बीपी, हर्निया, फिट्स, गरोदरपण यात नकोच. जलनेती (मिठाच्या पाण्यानं नाक धुणं) करायची असेल तर पाणी उकळून कोमट केलेलंच पाहिजे, अर्ध्या लिटरला पाऊण चमचा मीठ, नळाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकात अजिबात घालायचं नाही, त्यातनं मेंदूपर्यंत जाणारा जंतू गेल्याच्या घटना जगात घडल्यात. आणि तीसुद्धा पहिल्यांदा शिकवणाऱ्याच्या समोर.

आता बंब. अजून कितीतरी घरांत अंघोळीचं पाणी बंबात नाहीतर चुलाण्यावर तापतंय आणि पेटवायला दुधाची पिशवी, टायरचा तुकडा, कुरकुऱ्यांचं पाकीट. नेमकं पहाटे, म्हणजे शेजारचे म्हातारे आजोबा ओट्यावर बसून प्राणायाम करायच्या वेळेला. पावसाळी हवेत हा धूर वर जात नाही, गल्लीतच बसतोय, आणि प्लास्टिकच्या धुरात काय असतंय ते फुप्फुसाला विचारा. पेटवणासाठी नारळाच्या शेंड्या, वाळलेली चिपाडं, शेणी, पिंजर (भाताचा पेंढा) उन्हाळ्यातच कोरड्या जागी साठवून ठेवा. तुमच्या घरात बंब पेटत असेल तर तुमचा पहिला प्राणायाम हाच, प्लास्टिक जाळणं बंद.

क्लास लावायचा का? लावा, पहिले दोन-तीन महिने समोर माणूस असलेला बरा. कानडी बोलणारे शिक्षक मिळाले तरी बिनधास्त जा, आसनांची नावं तीच आहेत आणि बाकी बघून कळतंय. पहिल्या दिवशी तुमचा आजार-दुखणं विचारत नाहीत आणि सगळ्यांना एकदम शीर्षासनाला उभं करतात, असला क्लास मात्र सोडून द्या.

पायरी ५ : ताट

आयुर्वेदाचं नव्वद टक्के काम इथं होतंय असं माझं मत आहे, आणि हेच कुणाला करायचं नसतंय कारण यात विकत घ्यायला काही नाही. ग्रंथात पोटाचे चार भाग सांगितलेत, दोन घास, एक पाणी, एक मोकळा. मोबाइल बाजूला ठेवून जेवलं तरच हे जमतंय.

पावसाळ्यात अग्नी मंद, म्हणून जुनं धान्य, गरम, हलकं, थोडं आंबट-खारट-तुपाळ. आपल्याकडं जुना तांदूळ मिळणं अवघड नाही, येळ्ळूर-वडगावच्या शिवारातल्या माणसाची ओळख काढा, बेळगाव बासमतीचा वास असलेला जुना तांदूळ घरपोच येईल. तो थोडा भाजून घेऊन भात, मुगाचं वरण किंवा कढण, सुंठ-जिरं, वर चमचाभर तूप. हुलग्याचं माडगं थंड-ओल्या संध्याकाळी उत्तम, पण ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी जपून. पाणी उकळून. रात्री दही नको, ताक दुपारी. पालेभाजी पावसात नीट धुवून, शिजवूनच, हिरवी स्मूदी वगैरे पावसाळ्यात कशाला? टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या बाजारात येतात, ओळखीच्या बाईकडनं घ्या, रानातनं स्वतः तोडून आणायचं धाडस नवख्यानं करू नये, अळंबीचं तर नाहीच नाही.

ग्रंथात वर्षा ऋतू श्रावण-भाद्रपद सांगितलाय पण जांबोटी-कणकुंबीकडं ज्येष्ठातच झड लागतीय आणि तिकडं अथणीला तेव्हा ऊन असतंय, एकाच जिल्ह्यात. कॅलेंडर न बघता आभाळ बघा. ऑक्टोबर हीट लागली की पित्त उसळतंय, तेव्हा तिखट-आंबट कमी, तूप, मूग, दुधी, पडवळ, आवळा. थंडीत भूक चांगली लागतीय, तेव्हा उडीद, तीळ, लोण्यासंगट भाकरी, खावा की मनसोक्त. वसंतात जड-गोड कमी आणि जोंधळा, मध (मध गरम करायचा नाही). उन्हाळ्यात नाचण्याची आंबील ताक घालून, कोकमाचं सरबत.

गुळाचं एक. पिवळाधमक गूळ दिसायला छान पण तो रंग बहुतेक वेळा हायड्रॉस पावडर (रंग उजळवायचं रसायन) टाकून आणलेला असतोय. संकेश्वर-चिकोडीकडं गुऱ्हाळं आहेत, ओळख काढून काळपट तपकिरी गूळ मागा.

पायरी ६ : तेल

रोज सगळ्या अंगाला तेल लावायला वेळ नसेल तर डोकं, कान आणि तळपाय, एवढ्यावर विशेष लक्ष द्या असं वाग्भटच म्हणतोय. कानाला म्हणजे बाहेरनं लावा, आत थेंब वैद्यांना विचारून. तिळाचं तेल, कोमट. सर्दी-कफ भरलेला असताना, ताप असताना, अपचन झालेलं असताना लावायचं नाही. अंघोळीला डाळीचं पीठ घेतलं की साबण कमी लागतोय आणि गटारात फेसही कमी जातोय, फक्त तेलकट पीठ मोरीच्या जाळीत अडकतंय, ते काढून कंपोस्टमध्ये.

पायरी ७ : काढे, चूर्णं आणि वैद्य

पहिले तीन महिने चूर्ण-गोळी काही नको. सर्दीला आलं-तुळस-गवती चहा, पोटाला ओवा-जिरं, घसा धरला तर हळद-मिठाच्या गुळण्या, एवढं पुरतंय. त्यापुढं वैद्य लागतोय, आणि वैद्य म्हणजे बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) झालेला, रजिस्टर्ड. शहापूरला केएलईचं बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासूनचं आहे, त्यांचं हॉस्पिटल आहे. नेहरूनगरला आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॅडिशनल मेडिसिन आहे, पण ती औषधी वनस्पतींवर संशोधन करणारी संस्था, केसपेपर काढायला तिकडं जाऊ नका.

नैसर्गिक आहे म्हणून साइड इफेक्ट नाही, हे वाक्य जो म्हणतोय त्याच्याकडनं काहीही घेऊ नका. कोरोनाच्या काळात रोज गुळवेलीचा काढा पिणाऱ्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी मांडल्या, आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की ती गुळवेल नसून तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकतीय. दोन्हींतनं आपल्याला घ्यायचं ते एकच, ओळख पक्की नसताना आणि कुणी लिहून दिलेलं नसताना महिनोन्महिने काढा प्यायचा नाही. पारा, हिंगूळ (पाऱ्याचं खनिज), सोमल (आर्सेनिक) घातलेली रसौषधं वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. डबीवर लायसन्स नंबर, बॅच नंबर, तारीख आणि घटक बघा, जत्रेत आणि बसस्टँडवर खाकी पुडीत मिळतंय त्यावर यातलं काहीच नसतंय. शुगर कायमची बरी करतो, कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे लक्षात ठेवलं तरी पैसे वाचतील.

आणि झाडांचं. आपल्या मागं सह्याद्री आहे म्हणून वनौषधी फुकट मिळतात असं समजू नका. नरक्याच्या झाडातनं कॅन्सरच्या औषधासाठी लागणारं द्रव्य निघतंय म्हणून ती झाडं घाटात ओरबाडून तोडली गेली. सीता अशोकाची साल काढून काढून तेही दुर्मिळ झालंय. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथनं पाला-मुळी काही उपटून आणणं बेकायदा. ट्रेकला गेलात तर बघा, वास घ्या, फोटो काढा आणि या. घरात पाच कुंड्या करा : तुळस, गवती चहा, पानओवा, अडुळसा, कोरफड. अडुळसा फांदीवरनं येतोय, जूनमध्येच लावा. गवती चहाचा एक ठोंब शेजाऱ्याकडं असतोच, मागून घ्या. कोरफड मात्र वळचणीला ठेवा, आपल्या पावसात ती कुजतीय. कुंड्या प्लास्टिकच्या घेण्यापेक्षा खानापूरच्या मातीच्या घ्या, खानापूरची माती आणि तिथले कुंभार दोन्ही नावाजलेले.

पायरी ८ : ओला कचरा, आपल्या पावसातला

कंपोस्टचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या गावातले असतात, त्यात वर पाणी शिंपडा म्हणतात. आपल्याकडं जुलैमध्ये पाणी शिंपडलं तर तीन दिवसांत वास आणि अळ्या. उलट इथं कोरडं जास्त पाहिजे.

जुनी झाकणाची बादली घ्या, बुडाला आणि बाजूला भोकं पाडा, खाली दोन विटा ठेवा, पाऊस लागणार नाही अशा जागी. तळाला चार बोटं पिंजर किंवा भाताचं तूस. मग रोजची भाजीची देठं-साली बारीक करून, आणि प्रत्येक वेळी त्याच्या दुप्पट कोरडं वर पसरायचं : वाळका पाला, तूस, पिंजर, लाकडाचा भुसा. मूठभर जुनं शेणखत किंवा ताकाचं पाणी एकदा सुरुवातीला. आठवड्यातनं एकदा ढवळायचं. मुठीत दाबून बघा, एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर कोरडं वाढवा. शिजलेलं, तेलकट, मटणाची हाडं पहिल्या वर्षी नको, उंदीर-घुशी येतात. अडीच-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत तयार होतंय, पावसाळ्यात थोडं जास्त दिवस लागले तर घाबरू नका.

पाणी. छपरावर १ चौरस मीटर जागेत १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तुमचं छप्पर ५० चौरस मीटर असलं आणि २० मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडं जुलैत नेहमीचा, तर १००० लिटर पागोळीतनं वाहून जातंय. पहिले एक-दोन पाऊस छप्पर धुवायला सोडून द्या, मग पिंप लावा, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधा म्हणजे डास अंडी घालत नाहीत. हे पाणी झाडांना, फरशीला, संडासला. बेळगावला राकसकोप आणि हिडकलवरनं पाणी येतंय, एप्रिल-मेमध्ये नळाला किती दिवसांनी येतंय ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळं घरात विहीर असेल तर जादा पाणी गाळून विहिरीत सोडायचं बघा, प्लंबरला विचारून.

बाजाराला जाताना दोन कापडी पिशव्या आणि एक डबा, एवढंच. कर्नाटकात प्लास्टिक पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे, तरी गणपत गल्लीत मागितली की मिळतीय. मागू नका.

वाढवायचं कधी

दिवाळी झाली, सकाळी धुकं पडायला लागलं की पंधराची पंचवीस मिनिटं करा, सूर्यनमस्कार तीनावरनं पाच, दर आठवड्याला एक-दोन वाढवत बारापर्यंत. मार्गशीर्ष-पौषात व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चालणाऱ्यांबरोबर आधी वीस मिनिटं चाला आणि मग आसनं, अंग लवकर मोकळं होतंय. नवीन आसन शिकायचं असेल तर ते याच दिवसांत. शिमग्यानंतर ऊन चढलं की परत हळूहळू कमी करा, एप्रिल-मेमध्ये पहाटे पंधरा मिनिटं आणि शीतली (जीभ गुंडाळून तोंडानं श्वास आत घ्यायचा प्राणायाम), पुरे. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा रस्त्यावरचा वाळका पाला लोकं पेटवून देतात, तो तीन-चार पोती भरून माळ्यावर ठेवा, पुढच्या जुलैत कंपोस्टला नेमका तोच लागतोय.